देवाची मूठ

आमच्या वस्तीत स्वयंपाकाची सुरुवात चुलीने नव्हे, मुठीने होत असे. ज्वारी पाखडून झाली की सुपातली पहिली मूठ दाराजवळच्या गाडग्यात टाकायची. ती देवाची. घरात दाणे भरपूर असोत की तळाला लागलेले असोत, मूठ चुकत नसे. दर शनिवारी सकाळी मंडळीतली एक बाई टोपलं घेऊन पंधराही घरांपुढून जाई, प्रत्येक दारात थांबून म्हणे, "मूठ घाला वो." मग त्या मुठी चर्चमधल्या कणगीत रिकाम्या होत. पांढरी ज्वारी, पिवळसर ज्वारी, टपोरी, किडकी, सगळी एकात एक. एकदा कणगीत पडल्यावर कोणता दाणा कोणाचा हे सांगता येत नसे. महिन्यातून एकदा आदिलाबादहून येणारे पाळकसाहेब म्हणत, मंडळी अशी असावी. लहानपणी मला हे वाक्य फार सुंदर वाटायचं. आता कोणी ते म्हटलं तर मी उठून बाहेर जाते.

माय जाऊन येत्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. ती होती तोवर हे लिहिता येत नव्हतं, आणि ती गेल्यावर न लिहून चालेना. रोज चार ओळी लिहिते. कधी दोनच.

वस्ती गावापासून नाल्याने तोडलेली होती. पावसाळ्यात नाल्याचा आवाज घरात बसून ऐकू यायचा, आणि पैनगंगा फुगली की तिच्या पाण्याने नालाही उलटा चढायचा. चर्च म्हणजे कुडाच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, आत शेणाने सारवलेली जमीन आणि कोपऱ्यात ती कणगी. आमच्या घरात आम्ही तिघी. बाबा मी सातवीत असताना गेले. माय, मी आणि धाकटी बहीण मनी. मनीचं बाप्तिस्म्याचं नाव मरियम, पण त्या नावाने तिला फक्त पाळकसाहेब हाक मारत, आणि तेव्हा ती मागे वळून बघायची की ही मरियम कोण. सात वर्षांची होती. भाकरीचा पापुद्रा आधी खायची, उरलेली भाकरी माझ्या ताटात सरकवायची आणि वर मलाच म्हणायची, "एस्तरबाई, अन्न टाकू नये."

सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होते. पुढे हायस्कूल तेलुगूच होतं, म्हणून तेलुगू शिकले. वस्तीत तेलुगू वाचता येणारी मी एकटीच. मराठी वाचणारे तिघे-चौघे होते, पण त्यांचे डोळे गेलेले किंवा धीर नसलेला. त्यामुळे रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं. चर्चमध्ये वेगळी प्रत नव्हती. बाबांचं शास्त्र, काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याचं, मी घरून छातीशी धरून न्यायची. मी वाचायची, आणि वाचून थांबले की सगळे एका आवाजात 'आमेन' म्हणायचे. शब्द कळो न कळो, माझा आवाज खाली आला की आमेन. त्या वयात मला त्याचा माज होता. मी वाचणारी होते. घरात पाणी भरायला, गोवऱ्या आणायला मनी जायची, माय जायची. मी दाराशी उजेडात पुस्तक घेऊन बसलेली असायची, आणि माय बायांना कौतुकाने सांगायची, "तिले हात नका लावू वो, ती वाचून राह्यली."

त्या वर्षी मी दहावी पास झाले. त्याच पावसाळ्यात मायनं बाजारातून संकरित ज्वारीच्या बियाण्याची पिशवी आणली. दाणे गुलाबी-लाल होते. त्यांना कसली तरी पूड चोळलेली होती. आमचं शेत जेमतेम, पेरून दोन-तीन पायल्या बियाणं उरलं. उरलेलं बियाणं धुऊन खाणं वस्तीत नवं नव्हतं. आधीच्या दोन वर्षी दोन-चार घरांनी तसं खाल्लं होतं आणि कोणाला काही झालं नव्हतं. त्या दिवशी उघडीप होती. माय नाल्यावर निघाली होती. पिशवीच्या तोंडाला शिवलेली एक जाड चिठ्ठी तिनं फाडून माझ्यासमोर धरली.

"एस्तर, पाय बरं काय लिहेल हाय. तेलगूत हाय."

मी शास्त्र वाचत होते. त्यातलं राजांच्या गोष्टींनंतरचं ते इतिहासाचं पुस्तक, ज्यात सुरुवातीला पानोपानी नुसती नावं आहेत. अमक्याचा मुलगा तमका. मला त्या नावांचा नाद होता. मान वर न करता मी चिठ्ठी घेतली, खूण म्हणून पानात घातली आणि म्हणाले, "बियाण्याच्या जातीचं नाव असंल, माय. दुसरं काय असते?"

"बरं," माय म्हणाली, आणि गेली.

तिनं तीन पाण्यांनी ती ज्वारी धुतली. रंग गेला. दाणे चटईवर वाळत पडले तेव्हा ते मोत्यासारखे दिसत होते, आणि घरातली आमची जुनी ज्वारी त्यांच्याशेजारी भुशासारखी. मनी म्हणाली, "याची भाकर कर नं माय." माय म्हणाली, "नाही. हे देवाचं. तुही अक्का पास झाली नं? आपण किडकं खाऊ, त्याले टपोरं देऊ." शनिवारी तिनं मूठ घातली नाही, अख्खं टोपलं घेऊन स्वतः चर्चमध्ये गेली आणि कणगीत ओतून आली. हाबेलाने कळपातलं चांगलं ते वाहिलं, ही गोष्ट तिला मीच वाचून दाखवली होती.

पेरण्या आटोपल्या की एका आयतवारी वस्तीची पंगत असे. कणगीत वर्षाअखेर उरलेलं धान्य दळून आणायचं आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं. त्या वर्षी दोन डबे पीठ झालं. वर ओतलेली ज्वारी आधी उपसली गेली, म्हणून ती पहिल्या डब्यात गेली. हे आम्हांला फार नंतर, मनात हिशेब लावल्यावर कळलं. तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा. बाया चर्चमागच्या छपरीत भाकरी थापत होत्या. माय सगळ्यांत पुढे, कारण तिच्या भाकरीसारखी भाकरी कोणाची फुगत नसे. पहिली पंगत नेहमी पोरांची. मी वाढत होते. शमूवेल आजा, वस्तीचे पंच, काठी टेकत रांगेतून फिरत होते. त्यांचे दोन नातू शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या भाजीत बोटं घालत होते.

"कोण जास्त खाते पाहू," आजा म्हणाले. "मंचेरियलच्या कोळशाच्या खाणीत तुमच्या बापाले पाठवलं, आता तुमाले पाठवू. पोटं पाहा यायची."

"आजा, तुमी म्हातारे झाले, तुमी दुसऱ्या पंगतीत," मनी म्हणाली, आणि रांग हसली.

तो हशा मला अजून ऐकू येतो. त्याच्यामागे तव्यावर पाण्याचा हात फिरल्याचा आवाज, त्याच्यामागे नाला. तासाभरात पहिलं पोर उभ्या उभ्या थरथरायला लागलं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. कोणी म्हणालं फेफरं आहे, कांदा आणा. मग दुसरं पडलं. मग ओरडायला वेळ राहिला नाही. नाल्याला पाणी होतं. गाड्या उतारापर्यंत नेल्या, पोरांना खांद्यावर घेऊन माणसं छातीभर पाण्यातून गेली, पलीकडे ट्रक थांबवला. आदिलाबादच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तीन गेली होती. एकूण सहा. बाकीची पोरं आजारी पडून उठली. मनी ट्रकमध्ये गेली, माझ्या मांडीवर. तिचा हात माझ्या पदराच्या टोकात गुंतला होता, तो सोडवावा लागला.

याहून जास्त मी त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही.

तहसीलमधून माणसं आली, पंचनामा झाला, उरलेलं पीठ बाटलीत भरून हैदराबादला गेलं. तिकडून काय उत्तर आलं, कोणाकडे आलं, वस्तीला कळलं नाही. अन्नातून विषबाधा, एवढंच एक वाक्य आमच्याकडे पोचलं. कणगी उलटी करून चर्चबाहेर ठेवली. घराघरातली मुठीची गाडगी फुटली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. दुपारी वस्तीत फिरलं तर पाच घरांतून रडण्याचा आवाज येई आणि दहा घरं दार लावून बसलेली असत. ती दहा घरं सुद्धा भेदरलेली होती. उत्तर नसलं की माणसं गोष्ट शोधतात. आमच्याकडे गोष्टी होत्याच, मीच वाचून दाखवलेल्या.

त्यातली एक होती आखानाची. एका माणसानं देवानं मना केलेली वस्तू चोरून आपल्या तंबूत पुरून ठेवली, आणि त्याच्यापायी साऱ्या छावणीवर मार आला. मग एकेक कूळ, एकेक घर पुढं बोलावत तो माणूस शोधून काढला. त्याला दगडांनी मारलं, आणि मग देवाचा राग निवला. ही गोष्ट आधी कोणाच्या तोंडून निघाली ठाऊक नाही. पण आठ-पंधरा दिवसांत हापशावर, बांधावर, दारात बाया एकमेकींना विचारायला लागल्या की आपल्यात कोणाच्या घरात काय पुरलेलं आहे.

बोट लक्ष्मीकाकूकडे वळायला वेळ लागला नाही. काकू विधवा, वस्तीत सून म्हणून आलेली, सासरच्यांसोबत चर्चला येणारी, पण बाप्तिस्मा न घेतलेली. मुलगा-सून दोघं परगावी कामाला, नातू दान्या तिच्याजवळ. पंगतीच्या दिवशी काकू आणि दान्या वस्तीत नव्हती. भावाकडे जातो म्हणून गेली होती. परतल्यावर दान्याच्या पाटीवर कोणाला तरी हळदीचा डाग दिसला. मग निघालं की तिनं पोराला शाळेत घालायच्या आधी बासरला नेलं होतं, सरस्वतीपुढं अक्षरं गिरवायला. सहा पोरं गेली, आणि जिचं पोर मूर्तीपुढं बसलं होतं तिच्याच पोराला तेवढं काही झालं नाही. याहून सरळ गोष्ट कोणती?

"मी त्याले लिवता यावं म्हणून नेलं," काकू हापशावर म्हणाली. "एस्तरवानी हुशार व्हावा म्हणून. यात का वाईट केलं मी?"

तिची घागर भरायच्या आधीच एकीनं आपली पुढं सरकवली. मी तिथं होते. मी माझी घागर उचलून घरी आले.

महिना झाला तसे शमूवेल आजा आमच्या दारात आले. दोन्ही नातू गेल्यापासून ते काठी टेकत नव्हते, ओढत होते. मायकडे बघून म्हणाले, "सोने, उद्या आयतवारी दुपारी सारे जमून राह्यले. पोरीले पाठव. शास्त्र घेऊन." मग माझ्याकडे बघून, "आखानाचं वाच. मग एकेक घर पुढं येईन. ज्याच्याकडं काय असंल ते सांगीन. नाही सांगितलं तर आमाले ठाऊकच हाय कोणाले काढाचं."

महिनाभर ते शास्त्र मायनं लुगड्यात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आले की त्या चिठ्ठीचा मला विसर पडला होता. ते खरं नाही. ती मला मनी गेली त्याच रात्रीपासून आठवत होती. मी स्वतःला सांगत होते की त्यावर जातीचं नाव आहे. पुस्तक उघडलं नाही तोवर त्यावर जातीचं नावच होतं.

दुपारी आभाळ भरून होतं, पण पाऊस नव्हता. चर्चमध्ये उजेड कमी, म्हणून मला दाराजवळ उभं केलं. समोर सगळी वस्ती जमिनीवर, पुरुष डावीकडं, बाया उजवीकडं. लक्ष्मीकाकू उंबऱ्यालगत, दान्या तिच्या मांडीत. तिच्याभोवती हातभर जागा मोकळी होती. माय भिंतीला टेकून. मी पुस्तक उघडलं, आखानाची गोष्ट असलेल्या यहोशवाच्या पुस्तकाकडं पानं उलटायला लागले, आणि मधून ती चिठ्ठी सरकून माझ्या अंगठ्याखाली आली.

वाचता येणाऱ्याला डोळे मिटल्याशिवाय न वाचणं जमत नाही. एका नजरेत वाचून झालं.

मी ती पुन्हा पानात ढकलू शकले असते. मला आखानाची गोष्ट तोंडपाठ होती. मान वर केली तर दान्या माझ्याकडं बघत होता. ओठ हलवत होता, माझ्यासारखं वाचायचं सोंग करत. मग मी वाचलं. तेलुगूचं मराठी करत, शास्त्र वाचायच्याच आवाजात, कारण मला दुसरा आवाज येत नव्हता. हे बियाणे फक्त पेरणीसाठी आहे. यास विष लावलेले आहे. धुतले तरी ते जात नाही. माणसांनी खाऊ नये, जनावरांना घालू नये, मुलांपासून दूर ठेवावे.

माझा आवाज खाली आला, आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "आमेन."

त्यानंतर नाला ऐकू आला.

शमूवेल आजा म्हणाले, "पोरी, हे कोणत्या अध्यायातलं हाय?"

"आमच्या पिशवीवरचं हाय, आजा," मी म्हणाले. "मायनं वाचाले देल्लं व्हतं. मी वाचलं नाही. जातीचं नाव हाय म्हणून सांगतलं."

माय उठली. तिला उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि ती तेव्हा चाळिशीची सुद्धा नव्हती. "टोपलं माहं," ती म्हणाली. "धुतलं मी, ओतलं मी. थापल्या बी मीच. पोरीचं नाव घेऊ नका."

कोणी दगड उचलला नाही. आजांनी पुढं येऊन माझ्या हातातली चिठ्ठी घेतली. त्यांना तेलुगू येत नव्हतं, तरी उलटसुलट करून पुष्कळ वेळ पाहिली. मग ती परत माझ्या हातात ठेवून बाहेर गेले. त्यांच्यामागून एकेक घर उठलं. आजांनी म्हटलं होतं तसंच, एकेक घर. प्रत्येक जण मायच्या पुढून गेला आणि प्रत्येकानं लुगडं, धोतर आवरून धरलं, तिला लागू नये म्हणून. शेवटी काकू उठली. दान्याला कडेवर घेऊन ती आमच्याकडं न बघता गेली, आणि त्याच आठवड्यात घराला कुलूप लावून मंचेरियलला भावाकडं निघून गेली.

पुढच्या वर्षी मूठ पुन्हा सुरू झाली. शनिवारी सकाळी टोपलं घेतलेल्या बाईची पावलं येत, शेजारच्या दारात थांबत, आमच्या दारापुढं जलद होत आणि पलीकडं पुन्हा थांबत. माय रोज मूठ काढून ठेवायची. शनिवारी दुपारपर्यंत वाट पाहून ती नाल्यावर नेऊन पाण्यात सोडायची. कोंबड्यांनाही घालत नसे. पंगतीला आम्हांला बोलावणं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी आम्ही गेलो नसतो. तिच्या हातची भाकरी मी सोडून कोणी खात नव्हतं. खरं सांगायचं तर, खाताना ती माझ्याकडं एकटक बघायची, आणि मी घास गिळून पाणी पिईपर्यंत श्वास सोडायची नाही.

त्या वर्षांत मी ईयोबाची गोष्ट वाचली, देवानं परीक्षा पाहायला ज्याचं सगळं जाऊ दिलं त्या भल्या माणसाची. आधीही वाचली होती, पण पोरीनं वाचावी तशी. मला त्यात दोन गोष्टी दिसल्या, आणि पुढे कोणत्याही प्रवचनात त्यांनी मला सोडलं नाही. एक, शेवटी ईयोबाला दुसरी मुलं होतात. मुलींची तर नावंही दिली आहेत. पहिली मुलं, घर कोसळून गेलेली, त्यांची नावं कुठंच नाहीत. मी त्या नावांच्या याद्यांच्या पानावर, जिथं चिठ्ठी होती तिथं, समासात पेन्सिलीनं सहा नावं लिहिली. मनीचं 'मनी' असंच लिहिलं. दुसरी गोष्ट त्याच्या मित्रांची. पुढे ते फार बोलतात, तुझंच काही चुकलं असेल म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना सगळे नावं ठेवतात. पण आले तेव्हा ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. साऱ्या पुस्तकात मला पटलेली तेवढीच एक जागा. त्या दुःखाला अर्थ होता का, मला आजही सांगता येत नाही. कोणी होता म्हणालं तर मी वाद घालत नाही. फक्त आमच्या अंगणात तसं कोणी बसलं नव्हतं.

चार वर्षांनी लक्ष्मीकाकू परत आली. दान्या उंच झाला होता. शमूवेल आजा आता वाकले होते. एका सकाळी त्यांनी मुठीचं टोपलं स्वतः उचलून नेलं आणि काकूच्या ओट्यावर ठेवलं. काय बोलले, की काहीच नाही, ते काकूनं कधी सांगितलं नाही. त्या शनिवारी पावलं आली, शेजारी थांबली, पुढं आली, आणि आमच्या दारात थांबली.

"सोने," काकू म्हणाली, "मूठ घाल वो."

माय चुलीपुढून उठली नाही. मीच गाडगं नेऊन मायच्या हातात दिलं. तिनं मूठ भरली, दारापर्यंत आली आणि टोपल्यावर हात धरून तशीच उभी राहिली. मूठ उघडेना. शेजारच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकूनं मायचं मनगट धरलं, मुठीतून निसटलेला एक दाणा चिमटीत घेतला, आपल्या तोंडात टाकला आणि दाढेखाली फोडला. आवाज झाला. मग माय बोटं सोडत गेली.

काकू उरलेली घरं करून, टोपलं चर्चमध्ये रिकामं करून घरी गेली. माय तिच्यामागून गेली आणि तिच्या ओट्याखाली जमिनीवर बसली. मी मायच्या शेजारी बसले. काकू झाडू मारत होती, धुणं वाळत घालत होती, आणि माय तिच्या तोंडाकडं, हातांकडं बघत होती, ती थरथरते का ते. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. काकूनं दोनदा पाणी आणून दिलं. तिसऱ्यांदा ती समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन बसली वो अशी? मी नाही मरत."

माय तिच्या हातांकडंच बघत राहिली.

"दान्या शाळेतून आला का भूक भूक करते," काकू म्हणाली. "पीठ त्या डब्यात हाय. ऊठ, चार भाकरी टाक."